विना नंबरची पांढरी गाडी

३ जून २०२५, मंगळवार

जहाज कोलंबोला अडकलं! धनराजचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. धनराज म्हणजे नागपूरचा एजंट. जपानहून येणारी आमची गाडी बंदरातून सोडवून द्यायचं काम त्याच्याकडे आहे.

"बाई, बावीस तारखेच्या आत जहाज मुंबईले लागलं पायजे. नाई तं खेळ खतम."

म्हटलं, म्हणजे?

"तेवीसले गाडी तीन वर्षांची होते. तीन वर्षांच्या वर गेली का वापरलेली गाडी देशात घेत नाई. मंग परत पाठवा, नाई तं कापा."

कापा! बकऱ्यासारखं म्हणाला.

प्रवीणला सांगितलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "कोणाचा फोन होता?" – "शाळेचा." उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा कसला फोन? पण त्यानं पुढं काही विचारलं नाही. हल्ली विचारतच नाही.

४ जून

आचलशी बोलले. प्रवीणची धाकटी बहीण. चार वर्षं झाली, जपानला आहे. म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. ही गाडी त्या आश्रमाची. लहानशी, पांढरी, उभट. मागचं दार उघडलं की एक फळी जमिनीपर्यंत उतरते आणि माणूस चाकाच्या खुर्चीसकट आत जातो. आश्रमानं नवी घेतली आणि ही हिला देऊन टाकली. तिकडंही डावीकडूनच चालतात, स्टेअरिंग उजवीकडेच – म्हणून ही आपल्या रस्त्यावर चालू शकते. हे सगळं तिनंच मला मार्चपासून समजावलं. आज फोनवर नुसती रडत होती. "वहिनी, मी एक महिना आधी काऊन नाई पाठवली!"

अकरा कागदांवर माझ्या सह्या आहेत. एकही नीट वाचला नाही. त्यात काय काय कबूल केलंय मी?

७ जून

झोप नाही. म्हणून लिहिते, हे सगळं कशासाठी.

प्रवीण घुग्घुसजवळच्या कोळसा खाणीत डम्पर चालवायचा. त्या डम्परचं चाक त्याच्या डोक्याच्या वर जायचं. दोन वर्षांपूर्वी उतारावर डम्पर कलंडला. कमरेखाली आता काही हलत नाही. माझी शाळा इकडची, म्हणून आम्ही धानोऱ्याला आलो.

मार्चमध्ये गडचिरोलीला तपासायला नेलं होतं. चार माणसांनी उचलून ऑटोत घातलं. एकाचा हात सटकला. लघवीची पिशवी ओढली गेली, रस्त्यावरच सांडली. बाजाराचा दिवस. लोक बघत होते. तो घरी आल्यावर म्हणाला, "आता मले कोणी उचलाचं नाई." बस्. तेव्हापासून दाराबाहेर गेलेला नाही. माकडहाडापाशी जखम झाली आहे. सिस्टर घरी येऊन पट्टी करते. मागच्या वेळी पट्टी काढताना तिचा चेहरा पाहिला मी.

म्हणून ही गाडी. म्हणून मी छत्तिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले, लायसन काढलं. मी! जी बैलगाडीत बसायलाही भ्यायची.

१२ जून

जहाज निघालं म्हणे. कुठपर्यंत आलं, कोणालाच माहीत नाही.

१८ जून

लागलं! मुंबईला लागलं! चार दिवस राखून!

प्रवीणला आता सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तू पंधरा दिवस हे एकटीच घेऊन बसली होती?" तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते, इथं 'प्रवीण' लिहिते. आज तोंडावर पण निघून गेलं असतं.

२३ जून

नवी भीती. जपानच्या कागदावर २०२२ नाही. तिथं त्यांच्या राजाच्या कारकिर्दीचं साल लिहिलंय, चौथं. धनराज सांगत होता, "कस्टमचे सायेब म्हणे, हे चार म्हनजे काय? दोन हजार चार?"  एकवीस वर्षं जुनी गाडी! आचल भाषांतर करून, शिक्का घेऊन पाठवणार. शिक्का कोणाचा चालतो ते कोणी सांगत नाही.

३० जून

शिक्का चालला.

२४ जुलै

गाडी पुण्याकडे तपासणीला गेली आहे. ब्रेक पास. धूर पास. दिव्यांचा झोत पास. खुर्ची जमिनीला बांधायचे चार पट्टे आहेत, ते किती ताण सोसतात याचा कागद हवा. आचल आश्रमातून मिळवते म्हणाली.

मुलांना भागाकार शिकवत होते आणि फळ्यावर 'पट्टा' लिहिलं. पोरं हसली.

९ ऑगस्ट, शनिवार

आली.

ट्रेलरवरून आली, ताडपत्री बांधून. राखीपौर्णिमेलाच! आचलनं ठरवूनसुद्धा जमलं नसतं. अख्खी गल्ली गोळा झाली. दोन्ही बाजूंना जपानी अक्षरं, निळी. कोणी म्हणे चिनी आहे. शेजारची गुणाबाई हात लावून पाहत होती – "बाई, हे तं डब्यावानी दिसते वं!"

प्रवीण दारात खुर्चीवर बसला होता. लोक असताना दारात! मी मागचं दार उघडलं, फळी उतरवली.  तो कोणाकडं न बघता खुर्ची ढकलत आला, फळीवर चढला, थोडा मागं घसरला – तिघं धावले – "हात नाई लावाचा!" ओरडला. पुन्हा जोर लावला. आत गेला.

संध्याकाळपर्यंत आतच बसून राहिला. अंगणात उभ्या गाडीत. तिथंच जेवला. काचेतून फणसाच्या झाडाकडं बघत होता.

मी दाराशी उभी होते. आनंद झालाच. पण अजून नंबर नाही.

२१ ऑगस्ट

आरटीओत तिसरी चक्कर. साहेब भले माणूस आहेत, ओरडले नाहीत. कॉम्प्युटर माझ्याकडं वळवून दाखवला. "हे पहा. कंपनी आहे, हे मॉडेलच नाही. वरून कोड आल्याशिवाय मी नंबर देऊच शकत नाही."

कधी येईल?

"लिहिलं आहे वर. पण बाई, एक ऐका. तोवर रस्त्यावर काढू नका. नंबर नाही, विमा नाही. कोणाला साधा धक्का लागला तरी तुम्ही आत. सरकारी नोकरीत आहात ना?"

बसमध्ये तोच एक शब्द. आत. उद्या पोळा. कशात मन नाही.

४ सप्टेंबर

धनराजचा फोन. आवाज बारीक करून – "बाई, दुसऱ्या राज्याचा नंबर देतो. तश्याच एका गाडीचा. प्लेट कुरियरनं येते. धानोऱ्याच्या जंगलात कोण पाहाले बसलंय?"

नाही म्हटलं. प्रवीण ऐकत होता. "लाव ना! काऊन नाई म्हणते?"

"पकडलं तर?"

"पकडलं तर पकडलं. मी इथी सडून राह्यलो, नीलिमा. सडून! वास येते का नाई तुले?"

येतो. दोन दिवसांपासून येतो. मी उदबत्ती लावते आणि तो समजतो.

तरी नाही म्हटलं. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही. भीती. फक्त भीती. हे इथं तरी खरं लिहावं.

१३ सप्टेंबर

अंग कोमट आहे. सिस्टर म्हणाली, सोमवारी डॉक्टरांना दाखवाच. तो म्हणतो, उचलून नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार – गडचिरोली, दवाखान्याचा व्हरांडा

क्रमानं लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी साडेनऊला त्याचं अंग भट्टीसारखं. डोळे उघडे, पण मी दिसत नव्हते. हातानं खुणा करत होता – "आने दे, आने दे, पीछे आने दे... बस्स!" डम्पर मागं घेत होता तो. खाणीतला. मी नाव घेऊन हाका मारल्या. पहिल्यांदाच, तोंडावर. ओळख नाही.

१०८ ला फोन केला. गाडी लांबच्या बाळंतिणीला घेऊन गेली होती, दोन-अडीच तास म्हणाले. जीपवाल्या कोलूला बोलावलं. त्यानं आणि गुणाबाईनं खांद्याला धरून नुसतं उठवलं तर प्रवीण असा किंचाळला! जखम फाटली. जीपच्या बाकावर त्याला मुडपून बसवणार कसा? अडतीस किलोमीटर?

अंगणात गाडी उभी होती.

किल्ली घेतली. कोलूनं त्याला कसाबसा खुर्चीत टेकवला, फळीवरून आत घेतला, चारही पट्टे बांधले. गुणाबाई मागं त्याचं डोकं धरून बसली. गियर टाकायचे नसतात या गाडीत, नुसता पाय दाबायचा. पाय दाबला.

नाक्यावर, वाळूच्या पोत्यांपाशी जवानानं बंदूक आडवी धरली. "थांबा! कोणती गाडी आहे ही? नंबर कुठी आहे?" जपानी अक्षरांवर बोट.  त्यानं मागं डोकावलं. प्रवीण त्यालाच म्हणाला, "पीछे आने दे." जवानानं एकदा माझ्याकडं पाहिलं. बाजूला झाला. पण आरशात दिसलं – तो रजिस्टरमध्ये लिहीत होता.

त्यानंतर दोन्हीकडं जंगल. मी आरशातच बघत होते – प्रवीणची मान लटकली होती. गुणाबाई म्हणाली, "बाई, हे थंडे पडून राह्यले." मी वळून पाहिलं. एक क्षण. एकच.

धप्प.

सायकल. माणूस. रस्त्यावर मासे. जिवंत, उड्या मारणारे मासे!

मी थांबले.

नाही. लगेच नाही थांबले. हे फक्त इथं. पाय ब्रेकवर गेलाच नाही. गाडी पुढं जात राहिली आणि मी तिला जाऊ दिलं. डोक्यात स्पष्ट शब्द होते – कोणी पाहिलं नाही, नंबरच नाही. शंभर पावलं तरी गेले असेन. मग गुणाबाई ओरडली का मीच ओरडले – ब्रेक दाबला. मागं घेतली.

म्हातारा रस्त्याच्या कडेला बसला होता, मनगट धरून. हात भलत्याच कोनात. "काई नाई, बाई, मीच आडवा आलो," म्हणाला. नाव सुकलू. तलावावरचा ढिवर. मासे विकायला निघाला होता. त्याला पुढच्या सीटवर बसवलं. रस्ताभर तो मलाच सांगत होता – "समोर पाहा, बाई. समोर पाहा."

आता प्रवीण आत आहे. सुकलूच्या हाताला प्लास्टर चालू आहे.

१६ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. विष रक्तात पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत थांबला असता तर हातात काही राहिलं नसतं.

सुकलूच्या कागदावर लिहिलंय – 'सायकलवरून पडला.' त्यानं तसंच सांगितलं. दवाखान्यातल्या हवालदारानं विचारलं, "कोणती गाडी होती का?" – "नाई ना जी, गड्ड्यात गेलो." मी तीन हातांवर उभी होते. गप्प.

२१ सप्टेंबर

बुलेटचा आवाज आला की पोलीस असतील म्हणून मी व्हरांड्यातून आत जाते.

गाडी दवाखान्याच्या मागं, कडुलिंबाखाली. वर चादर टाकली आहे. चादर टाकल्यावर लोक जास्तच बघतात! आज कोणीतरी फोटो काढत होतं. नाक्यावरच्या त्या रजिस्टरात काय लिहिलंय – 'विना नंबर पांढरी गाडी, वेळ अमुक.' कधीतरी कोणी ते पान उलटणारच.

प्रवीणचा ताप उतरला. आज पेज प्यायला.

२४ सप्टेंबर

सुकलूच्या घरी गेले. बिस्किटं आणि औषधं घेऊन. तो घरी नव्हता – एका हातानंच तलावावर गेला होता, जाळ्यांवर लक्ष ठेवायला. त्याची बायको सोमारी ओट्यावर बसली होती. चहा केला तिनं.

"हात वाकडा बसला म्हणते डॉक्टर. आता जाळं कोण फेकन?"

मी चहाकडं बघत होते.

"तो म्हणते गड्ड्यात पडलो." तिनं भिंतीला टेकवलेल्या सायकलकडं हनुवटी केली. "पण चाक तं मागून दबलं हाय."

एवढंच म्हणाली. रागानं नाही. माझ्याकडं बघत राहिली. मी अर्धा चहा तसाच ठेवून निघाले. बाई म्हणतात मला या भागात! मुलांना 'खरे बोलावे' लिहून देते दर वर्षी, सुंदर अक्षरात.

२८ सप्टेंबर

प्रवीणला सांगितलं. सगळं. 

"गप राय. तो सोताच म्हणते पडलो. तुई नोकरी गेली तं आपण खाऊ काय? मले कोण पाहीन?"

मग मी शंभर पावलांचं सांगितलं. वाटलं, आता हा तोंड फिरवेल.

"फक्त शंभर?" म्हणाला. "मी तं थांबलोच नसतो, नीलिमा. मागं तू अशी पडली असती तं मी सीधा नागपूरलेच ब्रेक मारला असता."

हसू आलं मला. रडूही. पण झोप आली नाही. तो झोपला, आणि मी त्याच्या श्वासांबरोबर मोजत होते – एक पाऊल, दोन पावलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

गेले पोलीस ठाण्यात.

बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसले. दोनदा उठून फाटकापर्यंत आले. तिसऱ्यांदा आतून कोणीतरी विचारलं, "कोण पाहिजे, बाई?" मग इलाजच नव्हता.

ठाणेदार बाई आहेत. माझ्यापेक्षा लहान असतील. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं – गाडी, नंबर, नाका, सुकलू. त्या लिहायच्या थांबल्या.

"मॅडम, त्या माणसाची तक्रारच नाही. मग तुम्ही आलात कशाला?"

काय सांगू? म्हटलं, झोप येत नाही.

त्यांनी सुकलूला बोलावून घेतलं. आला, गळ्यात हात बांधलेला, पोलीस म्हणून घाबरलेला. मला पाहून जास्तच घाबरला. "मीच पडलो, सायेब," पुन्हा तेच.

"या म्हणतात, यांनी धडक दिली."

"नाई जी."

"सुकलूभाऊ, चाक मागून दबलंय," मी म्हटलं. "सोमारीबाईनं दाखवलं मला."

ठाणेदारबाईंनी पेन आपटलं. "तुम्ही दोघं मिळून मला येडी करता का? खरं काय ते सांगा!"

मग तो खाली मान घालून बोलला. "धडक लागली. पण बाई थांबली ना, सायेब. इथून येवढे ट्रक जाते, कोणी थांबते? त्या थांबल्या, त्याईच्या घरचा माणूस मराले टेकला होता तरी थांबल्या. मंग मी काऊन नाव घेऊ?"

मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, मी लगेच नाही थांबले. मी जाणार होते. शंभर पावलं गेले होते मी."

"मालूम हाय," सुकलू म्हणाला. "मी पाहूनच राह्यलो होतो. लाल दिवे लागते का नाई लागत, तेच पाहून राह्यलो होतो."

 बाहेर वायरलेस खरखरत होता.

ठाणेदारबाईंनी नवा कागद घेतला. "बसा. दोघंही बसा. पाणी द्या रे यांना." आणि लिहायला लागल्या. गुन्हा दाखल. गाडी जप्त. मला अटक करून ठाण्यातच जामिनावर सोडलं. अटक – हा शब्द त्यांनी वाचून दाखवला तेव्हा कान गरम झाले, पण मी पडले नाही, मेले नाही. बाकावर बसूनच होते.

गाडीची किल्ली देताना मला तिचं वाईट वाटलं. एवढ्या लांबून आली बिचारी.

७ ऑक्टोबर

शिक्षण विभागाची नोटीस. खुलासा द्या. दिला. खरा तोच दिला.

प्रवीण दवाखान्यातून घरी. स्ट्रेचरवर, अॅम्ब्युलन्सनं. तो डोळे घट्ट मिटून होता रस्ताभर.

१९ ऑक्टोबर

सुकलूचं प्लास्टर अजून आहे. त्याला नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरकडं नेलं, बसनं. पुन्हा मोडून बसवावा लागेल. तो म्हणाला, "बाई, जाळं फेकता आलं पायजे बस, सलाम नाई ठोकाचा कोणाले." येईल म्हणाले डॉक्टर. मी त्यांना तीनदा विचारलं.

१४ नोव्हेंबर

कोर्टात उभी राहिले. पिंजऱ्यात नाही, नुसतं समोर. दोन मिनिटं. कबूल म्हटलं. दंड, ताकीद, आणि सुकलूच्या हाताचा सगळा खर्च. गाडी सोडायचा हुकूम. ज्या दिवसाला मी तीन महिने भीत होते तो दोन मिनिटांचा होता!

शाळेतून काढलेलं नाही. एक वेतनवाढ थांबली.

२६ नोव्हेंबर

कोड आला. नंबर आला. विमा झाला. आरटीओच्या साहेबांनी स्वतः प्लेटचे स्क्रू तपासले, म्हणाले, "आता बिनधास्त फिरा."

कोलूनंच चालवत घरी आणली. मी शेजारच्या सीटवर.

३ डिसेंबर

जमत नाही.

रोज संध्याकाळी सीटवर बसते. किल्ली लावते. पाय खाली नेला की तो पायच माझा राहत नाही, नुसता उडतो. रस्ता दिसला की रस्त्यावर मासे दिसतात. आज प्रवीण मागं खुर्चीत बसून वाट बघत होता, केस विंचरून. दहा मिनिटांनी म्हणाला, "राहू दे." मी म्हटलं, उद्या. त्यानं 'हो' म्हटलं. ते 'हो' मला ओळखीचं आहे. मार्चमधल्याच आवाजातलं आहे ते.

सगळे कागद आहेत आता. सगळे शिक्के आहेत. आणि गाडी फणसाखालीच उभी!

८ डिसेंबर

नाही जमलं.

११ डिसेंबर

चारला शाळेतून आले. अंगणात गाडी नाही. घरात प्रवीण नाही. खुर्ची नाही. गुणाबाईच्या दाराला कुलूप. ओट्यावरच खाली बसले.

फोन वाजला. त्याचाच.

"नीलिमा, घाबरू नको. नाक्यावर आहो. लायसन मागून राह्यले हे. माझं कुठी ठेवलं तू?"

"कोण चालवून राह्यलं गाडी?"

"मी."

चौकातल्या गॅरेजवाल्या अंकुशनं दोन दांडे बसवून दिले म्हणे – एक ब्रेकला, एक रेसला, हातानं ओढायचे. आठ दिवस मी शाळेत असताना दोघांचं हेच चाललं होतं. खुर्चीवरून सीटवर तो हातांच्या जोरावर स्वतःच सरकला. कोणी उचललं नाही. "कोणीच नाई उचललं," हे त्यानं दोनदा सांगितलं. मागं जवान हसत होते, आणि गुणाबाईचा आवाज – "बाई, मी बी बसली हावो वं!"

लायसन सापडलं. मुदत मार्चमध्येच संपली आहे! आणि ते दांडे – त्यांना आरटीओची वेगळी मंजुरी लागते, हे आता मला कोणाला विचारावं लागत नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच साहेब, तोच कॉम्प्युटर.

शाळेतल्या बाईंची स्कूटी मागून आणली आहे. बाहेर उभी आहे. हसू थांबलं की निघते.